अकरा करार आणि साठ मेंढ्या

आमच्या कॉलेजात ‘कोलॅबोरेशन’ हा शब्द इंग्रजीच्या सरांसमोर उच्चारायला माणसं घाबरायची. उच्चार चुकेल म्हणून नव्हे. आमच्या कडेगाव भागात उच्चाराला कुणी भीत नाही. भीती वेगळी होती. हा शब्द कानावर पडला की सर तीन प्रश्न विचारायचे. कुणाबरोबर? काय केलं? आणि त्यातलं तुमच्या हातानं काय झालं? तिसऱ्या प्रश्नाला माणूस अडखळला की सर त्याला तिथल्या तिथं कामाला लावायचे. एकदा कुणा पुढाऱ्याच्या पीएनं फोनवर बोलताना हा शब्द वापरला आणि पुढचा अर्धा तास तो आमच्या जिमखान्याच्या चटया झटकत होता. फोनवर बोलणारा माणूस चटया कशा झटकेल, असं मला विचारू नका. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

सर मूळचे आटपाडीच्या पलीकडचे, मेंढपाळ घरातले. उंची एवढी की ते स्टाफरूममध्ये आले की आम्ही आधी पंखा बंद करायचो. इस्त्रीची पँट, नीट खोचलेला शर्ट आणि बाराही महिने खांद्यावर काळी घोंगडी. ऐन मे महिन्यात मी विचारलं, तर म्हणाले, “आतला गारवा भाईर जाऊ ने म्हणून.” आवाज असा, की सकाळी ते हजेरी घ्यायला लागले की बाजारपेठेत चहा पीत उभी असलेली दोन-चार माणसं ‘येस सर’ म्हणून टाकायची. त्यातला एक तर पुढं बीए झाला. बोलणं सगळं घरचं, माणदेशी. पण इंग्रजी सुरू झालं की असं स्वच्छ, की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस घोंगडी विसरून इंग्लंडात राहिला आणि आत्ता घ्यायला परत आला.

शब्दाचा अर्थ सांगायची त्यांची एक रीत होती. सांगायचाच नाही. एकदा पहिल्या वर्षाच्या वर्गानं ‘कोलॅबोरेट’ म्हणजे काय असं विचारलं, तेव्हा सर खडू ठेवून वर्गाला मैदानावर घेऊन गेले. मैदानाकडेचा दगडी बांध पावसात ढासळून दोन वर्षं तसाच पडला होता. पोरापोरींनी तीन आठवडे तो रचला. प्राचार्यांनी विचारलं, काय चाललंय, तर म्हणाले, इंग्रजीचा तास. बांध उभा राहिला त्या दिवशी त्यांनी फळ्यावर अर्थ लिहिला आणि तो डझनभर ओळींचा निघाला. एक मुलगी म्हणाली, “सर, डिक्शनरीत तर दीडच ओळ हाय.” सर म्हणाले, “डिक्शनरीवाल्यानं धोंडा उचलला न्हाई, म्हणून दीड.”

याच शब्दाला दुसरं तोंड आहे, हेही ते सांगायचे. शत्रूला आतून सामील होणाऱ्यालाही इंग्रजीत कोलॅबोरेटरच म्हणतात. म्हणून कुणाबरोबर, हे विचारल्याशिवाय हा शब्द कुणाच्या तोंडून घ्यायचा नाही, असा त्यांचा दंडक होता.

त्यांच्या या दंडकाचे सगळ्यांत जास्त फटके बसले ते आमच्याकडच्या कार्यक्रमांना. आमच्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत ‘संयुक्त विद्यमाने’ असल्याशिवाय साधी पाणपोईसुद्धा होत नाही. एकदा वृक्षारोपणाच्या फलकावर नऊ संस्थांची नावं होती आणि झाडं होती सात. सर सरळ व्यासपीठावर चढले आणि एकेका संस्थेच्या अध्यक्षाला तीन प्रश्न विचारत सुटले. दोघांना आपली संस्था फलकावर आहे हेच ठाऊक नव्हतं. एकाला आपली संस्था आहे हेच ठाऊक नव्हतं. शेवटी कडेला उभ्या असलेल्या मंडपवाल्याला सरांनी विचारलं. तो म्हणाला, मी दोनशे खुर्च्या मांडल्या आणि खड्डेही मीच काढले. सरांनी त्याला पहिल्या रांगेत बसवलं आणि पाहुण्यांचा हार त्याच्या गळ्यात घातला. प्रमुख पाहुणे पुढचे दोन तास मोकळ्या गळ्यानं बसून होते.

मी स्वतःही सापडलोय. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवतो, आणि सर मला नावानं कधीच हाक मारत नसत, ‘मराठीवाले’ म्हणत. तर कराडच्या एका मित्राबरोबर माझा संयुक्त शोधनिबंध छापून आला. आमची वाटणी साधी होती. लिहायचं त्यानं आणि नाव द्यायचं मी. मी पेढे घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. सरांनी पेढा खाल्ला आणि निबंध मागून घेतला. हा माणूस दिलेलं वाचतो, हे मी साफ विसरलो होतो. तास संपल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.

“मराठीवाले, पयल्या पानावर तुमी जे म्हनलाय, ते चौथ्या पानावर तुमीच खोडून काडलंय. का?”

पहिल्या पानावर मी काय म्हटलं होतं, तेच मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, चौथं पान मित्रानं लिहिलंय. सर म्हणाले, मग पहिलं सांगा. मी पेढ्यांचा पुडा पुढं केला. त्यांनी आणखी एक पेढा उचलला आणि म्हणाले, पेढे मात्र तुम्ही एकट्यानं आणलेत, त्यात खोट नाही. मी रागानं महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. महिन्यानंतर तो निबंध मी पहिल्यांदा वाचला. बरा होता.

असा हा माणूस, आणि आमच्या कॉलेजवर मूल्यांकन समिती येणार असं पत्र आलं. समिती येणार म्हणजे काय, हे ज्यांनी कॉलेजात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. लग्नघरासारखं होतं. भिंती रंगतात, कुंड्या येतात, वर्षानुवर्षं बंद असलेल्या प्रयोगशाळेचं कुलूप तोडून आत प्रयोगशाळा आहे का ते बघतात. आणि एक रकाना असतो, कोलॅबोरेशनचा. इतर कॉलेजांबरोबर मिळून काय काम केलं, ते त्यात दाखवायचं. आमचे बारा करार झालेले होते. कराड, पलूस, सांगली, पार साताऱ्यापर्यंत. करार म्हणजे काय, तर पलूसचे लोक आमच्याकडं आले, फलक धरून फोटो काढला, चहा प्याले, गेले. पुढच्या आठवड्यात आम्ही तिकडं गेलो, त्याच फलकाची मागची बाजू रंगवून फोटो काढला, चहा प्यालो, आलो. बाराही फोटोंत मी आहे. बाराही फोटोंत माझ्या हातात कप आहे.

आता प्रत्येक करारातून प्रत्यक्ष काय काम झालं, याच्या अहवालावर समन्वयकाची सही लागत होती. इंग्रजी येतं म्हणून समन्वयक होते सर. प्राचार्यांनी बारा अहवाल तयार करून त्यांच्यापुढं ठेवले. सरांनी बाराही वाचले आणि म्हणाले, या शब्दाखाली हे बसत नाही.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. घाईतले होते. ते म्हणाले, सगळीकडं असंच चालतं. सर म्हणाले, चालू दे की, पण माझ्या सहीनं न्हाई. मग प्राचार्यांनी आवाज खाली आणला आणि सांगितलं, की संस्थेची जतकडं एक शाखा आहे, तिथं इंग्रजीला माणूस हवाय, आणि तुमची दोनच वर्षं राहिलीत, विचार करा. सरांची बायको कडेगावातच अंगणवाडी चालवते, तिला गाव सोडता येत नाही. म्हातारपणाची दोन वर्षं एकानं इकडं आणि एकानं नव्वद किलोमीटर तिकडं, असा तो हिशेब होता आणि खोलीतल्या सगळ्यांना तो कळला. सर म्हणाले, “धा दिवस द्या साहेब. बारा खोटी नगं, एक खरं करून दावतो.”

त्यांनी बारा करार पसरले आणि डोळे मिटून एक उचलला. पलूस निघालं. करारावर तिथल्या इंग्रजीच्या मॅडमचा नंबर होता. मूळच्या सांगलीच्या, गावभागातल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, कानाच्या मागं लाल पेन. सरांनी फोन लावला, तेव्हा मी शेजारी होतो, आणि सरांचा फोन कायम मोठ्या आवाजावर असल्यामुळे सगळा तालुका शेजारी होता. मॅडम म्हणाल्या, “करार होऊन दोन वर्षं झाली. माझा नंबर होता की त्यावर. तुम्ही एकदाही फोन केला नाहीत.”  तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना तिसऱ्या प्रश्नावर अडकलेलं बघितलं. ते म्हणाले, “चुकलं. आता या.”

कुठं या, हे पुढच्या रविवारी कळलं. आटपाडीच्या पलीकडं, त्यांच्या थोरल्या भावाच्या वस्तीवर. कार्यक्रमपत्रिकेवर विषय होता ‘कोलॅबोरेशन: अर्थ आणि उपयोग’, आणि प्रत्यक्षात होती मेंढ्यांची कातरणी. दोन्ही कॉलेजांची चाळीस पोरंपोरी आणि साठ मेंढ्या. आदल्या दिवशी मेंढ्या तळ्यात धुऊन ठेवल्या होत्या. त्या आमच्या पोरांपेक्षा स्वच्छ दिसत होत्या. प्रत्येकानं काम करायचं आणि त्या कामावर हा शब्द घालून इंग्रजीत पाच वाक्यं लिहायची, असा अभ्यासक्रम होता.

सुरुवातीला सरांच्या भावानं, दादांनी, कातरी वाटल्या आणि तिथली रीत सांगितली. वस्तीवर एकेकाच्या मेंढ्या कातरायला सगळी वस्ती जमते, आज याच्या, उद्या त्याच्या. मजुरी नाही, फक्त जेवण. आणि एक नियम, जो कुणी मोडत नाही. दादा म्हणाले, “ज्याची मेंढी, त्यानं त्या दिशी कातर धरायची न्हाई. पाय धरायचं, पानी द्यायचं, आन लोक म्हनतील ते ऐकायचं. आपल्या दिशी मानसानं दुसऱ्याच्या हाताखाली ऱ्हायाचं.”

कळपातल्या काही मेंढ्या सरांच्या वाटणीच्या होत्या. त्यामुळे सर दिवसभर मेंढ्यांचे पाय धरून बसले आणि हुकूम मॅडमचा चालला. आयुष्यभर लोकांना कामाला लावणाऱ्या माणसाला एक मॅडम सांगत होत्या, की जरा घट्ट धरा, इकडे सरका, बोलू नका, मेंढी बिचकते. सर मुकाट ऐकत होते. त्या दिवशी कातरलेल्या मेंढ्यांचं वर्णन मी करणार नाही. एकीच्या अंगावर सातारा जिल्ह्याचा नकाशा उमटला होता, पाटणच्या घाटासकट. एक अर्धी कातरलेली सुटली ती म्हणे विट्याच्या बाजारात दोन वेगवेगळ्या मेंढ्या म्हणून दिसली.

दुपारी प्राचार्य आले. नवा कोट, सोबत फोटोवाला. त्यांनी आल्या आल्या हार घातलेली कातर मागितली आणि मेंढीशेजारी उभे राहिले. दादांनी विचारलं, “सायेब, तुमी कोन?”

प्राचार्य म्हणाले, “कार्यक्रम आमच्या कॉलेजचा. म्हणजे यजमान मीच.”

“यजमान व्हय?” दादा म्हणाले. “मग कातर ठिवा. पाय धरा.”

प्राचार्य हसले. दादा हसले नाहीत. भोवती वस्तीची पाच-पन्नास माणसं उभी होती, त्यांतलंही कुणी हसलं नाही. त्यांच्या दृष्टीनं यात हसण्यासारखं काही नव्हतंच. यजमानानं पाय धरायचे, इतकं ते साधं होतं. प्राचार्य खाली बसले. तासभर त्यांनी मेंढ्यांचे पाय धरले आणि पलूसच्या एका बारक्या पोरीनं त्यांच्या डोळ्यांसमोर कातर चालवली. मेंढीनं कोटावर काय केलं, ते लिहिण्याची गरज नाही. फोटोवाला मात्र प्रामाणिक होता. आमची गाडी विट्याला पोचायच्या आत तो फोटो कराडपासून जतपर्यंत प्रत्येक फोनवर पोचला होता.

संध्याकाळी मॅडमनी लाल पेन घेऊन पोरांची वाक्यं तपासली. बहुतेकांनी पुस्तकातलं ठोकळेबाज इंग्रजी सोडून दिलं होतं. वर्षभर तोंड न उघडलेल्या एका मुलानं लिहिलं होतं, की मी धरलं, तिनं कातरलं, मेंढीनं कोलॅबोरेशन केलं नाही. मॅडमनी त्यावर काही दुरुस्ती केली नाही. दोनशे वाक्यांची एक पुस्तिका झाली. मलपृष्ठावर सगळी नावं, आणि त्यांत सरांचं नाव पाय धरणाऱ्यांत.

वाटलं, आता सुटलो. पण दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी उरलेले अकरा अहवाल पुन्हा सरांपुढं ठेवले. कोट धुवायला गेला होता आणि आवाजात पूर्वीची घाई राहिली नव्हती, दुसरं काही आलं होतं. “एक केलंत ना खरं? आता या अकरांवर करा.” सरांनी घरी जाऊन बायकोला विचारलं. ती माउली आमच्या घरीही येते, तिनंच पुढं सांगितलं. ती म्हणाली होती, “सही नगा करू. डबा दोन येळचा बांदून दीन.”

सरांनी सही केली नाही. मग समन्वयकपद सेवाज्येष्ठतेनं माझ्याकडं आलं आणि अकरांवर मी सही केली. इथं मी काही रंगवून सांगू शकलो असतो, मला जमतं ते. पण बदली मलाही नको होती, एवढंच खरं आहे.

समितीत तिघं होते. अध्यक्ष दक्षिणेकडचे, मितभाषी गृहस्थ. त्यांनी बारा फायली चाळल्या, मेंढ्यांच्या पुस्तिकेपाशी थांबले, तीन पानं वाचली आणि विचारलं, ही कुणी केली. सर उभे राहिले. ते इंग्रजीत बोलले, पण सावकाश, प्राचार्यांना आणि मला नीट कळावं असं. चाळीस मुलांनी आणि पलूसच्या मॅडमनी केली, मी पाय धरले, असं म्हणाले. अध्यक्षांनी विचारलं, आणि या बाकीच्या अकरा? भाड्यानं आणलेल्या कुंडीतलं पान गळलं ते सगळ्यांनी ऐकलं. माझी सही होती. सरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते म्हणाले, “त्या अकरांत चहा झाला, साहेब. चहा खरा होता.”

अध्यक्षांनी अकरा फायली एकावर एक रचल्या आणि टेबलाच्या कडेला सरकवल्या. दर्जा आम्हाला पूर्वी होता तोच मिळाला. वर गेलो नाही, खाली आलो नाही. आठ दिवसांनी सरांच्या हातात बदलीचा आदेश पडला.

आम्ही निरोप समारंभ करायचं ठरवलं, तर त्यांनी तो घेतला नाही. सोमवारी पहाटेच्या एसटीत चढले. खिडकीतून घोंगडी बाहेर, हातात दोन वेळचा डबा. मला म्हणाले, “मराठीवाले, तोंड कशाला पाडताय? मानसाला त्याच्याच मुलखात धाडून शिक्षा करनारी ही पयलीच संस्था.” गाडी हलली तशी त्यांची बायको अंगणवाडीकडं चालायला लागली. मागं वळली नाही. शनिवारी येतात, सोमवारी जातात. हे ज्याला हलकं वाटतं त्यानं साठीला टेकल्यावर जतच्या रस्त्यानं दर आठवड्याला एसटीतून जाऊन बघावं.

महिनाभरानं त्यांचा फोन आला. नव्या शाखेवर पाय ठेवल्या दिवशी तिथल्या प्राचार्यांनी, इंग्रजी येतं म्हणून, त्यांना कोलॅबोरेशनचं खातं दिलं होतं. आणि पहिला करार ठरला होता आमच्या कॉलेजबरोबर. सर सांगत होते, की तिथल्या ग्रंथालयाची पुस्तकं इमारत झाल्यापासून पोत्यांत भरून पडलीत, मांडायला कपाटं नाहीत. “या रविवारी घरी येत न्हाई, तुमीच या. फळ्या तुमच्या, खिळं माजं.”

मी आमच्या बंद प्रयोगशाळेतल्या मोडक्या टेबलांच्या फळ्या काढल्या. आठ पोरं तयार झाली, दोन रंधे मिळाले, एक टेम्पो ठरला. शनिवारी दुपारी टेम्पो भरून निघायच्या बेतात होतो, तेव्हा प्राचार्यांनी बोलावलं. टेबलावर करार होता, अहवालही आधीच टाईप केलेला होता, आणि फोटोसाठी फलकही. म्हणाले, उगाच एवढ्या लांब जायची दगदग कशाला, इथंच सही करून टाका. मी म्हणालो, आधी जाऊन येतो, काय होतं ते बघतो, मग लिहितो. ते म्हणाले, सही आत्ता.

“न्हाई,” मी म्हणालो. तीस वर्षं प्रमाण मराठी शिकवून तोंडातून तेच निघालं.

प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी विचारलं, मलाही तिकडं जायचंय का, तसा आदेश काढायला त्यांना एक दिवस लागतो.

“काढा की साहेब,” मी म्हणालो. “फळ्या लय हायत, एका रविवारात उरकायच्या न्हाईत. परतीची गाडी चुकायची काळजी तरी मिटंल.”

आणि मी टेम्पोत पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसलो.